काटा बघणारी

मीनाची आई, गाडीच्या काट्याचा फॉल्ट सापडला.

हे आधी तुलाच कळायला पाहिजे म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तुला माहीतच आहे. तू असतीस तर जिन्यातूनच सांगत वर आलो असतो आणि तू म्हणाली असतीस, आधी चपला जागेवर काढा. आता मी चपला जागेवर काढतो. बोलणारं माणूस गेल्यावर शिस्त आली.

लोक येतात, बसतात, चहा पितात. म्हणतात, "सुटल्या, हाल झाले नाहीत." यांना कोणी सांगितलं? गाडीत तू होतीस, मी होतो, मागे मीना होती. हे नव्हते. मी मान हलवतो आणि कप उचलून आत नेतो, म्हणजे उठतात. वरच्या मजल्यावरचे सावंत म्हणाले, "काका, ती गाडी काढून टाका आता. रोज खाली दिसणार, रोज त्रास." मी म्हटलं, "त्रास होऊ दे. तिच्याकडे माझं काम बाकी आहे."

काम मीनाने लावून दिलेलं. तेराव्याची भांडी आवरून झाली, जावई संदेश पोरांना घेऊन दिव्याला त्यांच्या घरी गेला, ती मागे राहिली. तू उभी राहायचीस तशीच ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारते. रागावू नका. गाडी खरंच गरम झालेली का?"

तुला ठाण्याला नेताना गरमचा काटा लालवर गेला, मी गाडी थांबवली, आणि तू पोचली नाहीस. तेवढं तिने डोळ्यांनी बघितलेलं. गाडी थांबवायची गरज होती का, एवढंच तिला पाहिजे होतं. आणि मला सांगता येईना. जन्मभर वागळे इस्टेटमधल्या कंपनीचा टेम्पो चालवला, त्यावर ही पोरगी वाढवली, आणि माझ्याच गाडीचं मला ठाऊक नाही. "बघून सांगतो," म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे बाबा." पण तिचं राहिलं नव्हतं, आणि माझंही.

हा काटा तुझ्या ताब्यात कसा आला ते आठवतंय ना? गाडी घेतली त्या वर्षी तुझ्या माहेरी, खेडला निघालेलो. साहेबाने वापरून दिलेली गाडी, पण मला वाटलं दारात हत्ती बांधला. कशेडी घाटात तू म्हणालीस, "अहो, हा गरमचा काटा लाल रंगात गेलाय, चालतं का?" मी म्हटलं, "घाटात चढतोच तो. वाफ दिसतेय का कुठे? मग गप्प बस." वाफ कुठून दिसणार, आतलं पाणीच गळून गेलेलं. पुढच्या वळणावर इंजिन जाम. ट्रकच्या मागे दोर बांधून आपण खेडला पोचलो आणि तुझा भाऊ दारात उभा राहून विचारतो, "भावोजी, बैल कुठून मिळाला?"

परतीच्या वाटेवर तू सांगून टाकलंस, "आजपासून तुम्ही रस्ता बघा. काटा मी बघते."

आणि बघितलास. पर्स मांडीवर, डाव्या हाताने वरची दांडी धरलेली, मान माझ्या बाजूला वळलेली. बाहेर डोंगर असो नाहीतर खाडी, तुला त्याचं काही नसायचं. थोड्या थोड्या वेळाने, मी न विचारता म्हणायचीस, "मधे आहे." म्हणजे काटा मधे आहे, इंजिन ठीक आहे, चला. एकदा मीनाची सासू मागे बसलेली, तिने विचारलं, "विहीणबाई, काय मधे आहे?" तू सरळ म्हणालीस, "ह्यांचं डोकं. वर गेलं की सांगते." त्या बाई टिटवाळ्यापर्यंत हसत होत्या. त्याच खेपेला तू देवळाबाहेरून तो छोटा गणपती घेतलास आणि मीटरच्या डोक्यावर, बरोबर काट्याच्या वर चिकटवलास. म्हणालीस, मला डुलकी लागली तर हा बघेल.

तुला डुलकी कधी लागलीच नाही. मी तुला किती बोललो असेन. "अगं, बाहेर बघ जरा, जन्माला आलीस ती काटा बघायला का?" तू म्हणायचीस, "तुमचं ऐकलं असतं तर मी अजून कशेडीत बसलेली असते." मग मी गिअर बदलायचो.

मग काटा वेडा झाला. कधी तरी, कुठे तरी, एकदम चढायचा. लालला टेकायचा, जरा वेळ थांबायचा आणि आपोआप खाली. तू म्हणायचीस गाडी गरम होतेय. मी म्हणायचो गाडी ठीक आहे, काटा खोटा आहे. तू म्हणायचीस, मग खोटा आहे तर बदला. गॅरेजला नेली की काटा शहाण्या पोरासारखा मधे बसायचा. एकाने सेन्सर बदलला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, तिसरा म्हणाला, "काका, मला तर काही दिसत नाही. मावशींना जास्त दिसतं." ते तुला लागलेलं. घरी आल्यावर तू भांडी आपटलीस. मी म्हटलं, माझ्यावर कशाला? तू म्हणालीस, "तुम्ही हसलात त्याच्याबरोबर." हसलो होतो.

आणि अजून एक तू म्हणायचीस. तेव्हा मी ते कानावर घेतलं नाही. "बघा, पेट्रोल पण वाढलं. गणपतीने टाकलं वाटतं." मी म्हणायचो, गाडी उतारावर असली की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, म्हणून काटा वर जातो. ड्रायव्हर मी होतो, म्हणून तू ऐकून घ्यायचीस. पुन्हा काटा चढला की पुन्हा तेच, "गणपती पावला आज." माझ्या लेखी ती तुझी गंमत होती.

त्या सकाळचं लिहायचं नव्हतं. पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

उजाडता उजाडता तू मला हलवलंस आणि म्हणालीस, "छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय." मीना रात्री आपल्याकडेच होती म्हणून बरं. इथल्या डॉक्टरने हात लावला आणि म्हणाला, ठाण्याला न्या, तुमचे सगळे कागद तिथेच आहेत. अँब्युलन्सला फोन केला तर थांबावं लागेल म्हणाले. तू म्हणालीस, "आपली गाडी आहे ना खाली." मीना म्हणाली, "आई, मागे आडवी हो." तू ऐकलं नाहीस. पुढेच बसलीस. पर्स मांडीवर. दांडी धरता येत नव्हती, हात घसरत होता, तरी मान माझ्या बाजूला.

मोठागावहून नवा पूल चढलो. त्या पुलाचं तुला किती कौतुक, ठाणं दारात आलं म्हणायचीस. रस्ता मोकळा होता. पूल उतरून माणकोलीच्या अलीकडे आलो आणि तू म्हणालीस, "थांबवा. लाल झालाय."

मी बघितलं. काटा लालच्या टोकाला टेकलेला. एरवी मी वाद घातला असता. काटा खोटा आहे म्हणून दामटली असती. पण तू बाजूला तशी बसलेली, आणि माझ्या डोळ्यांपुढे कशेडी. इंजिन जाम झालं तर तुला उचलून कुठे नेणार? त्या रस्त्याला रिक्षासुद्धा थांबत नाही. मी गाडी कडेला घेतली. मीना मागून ओरडली, "बाबा, थांबू नका, चला." मी बोनेट उघडलं. वाफ नव्हती. पण वाफ कशेडीतही नव्हती. रेडिएटरचा पाइप हाताला गरम लागला. तो नेहमीच गरम लागतो, त्यावरून काय कळणार? मीना हात करून गाड्या थांबवत होती, एकही थांबेना. मी परत आत येऊन बसलो, चावी फिरवण्याआधी एक नजर मीटरवर गेली. बंद गाडीत काटे पडलेले असतात, त्यात काही कळत नाही. पण थांबवताना मी पेट्रोलचा काटा बघितलेला. अर्ध्याच्या वर होता. तेवढ्यातही मनात आलं, बरं झालं, पंपावर जायला नको.

गाडी सुरू केली. तू बघितलंस. आवाज फुटत नव्हता तुझा, तरी म्हणालीस, "मधे आला. चला."

ते शेवटचं. खारेगावला तू डोळे मिटलेस. माजिवड्याच्या पुलाखाली मीनाने मागून धरलेलं तुझं डोकं जड झालं, तिचा आवाज बदलला, मला कळलं. तरी मी हॉर्न वाजवत होतो. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर म्हणाला, "येतानाच गेल्यात."

गाडी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी संदेश ती आणायला गेला आणि खारेगावलाच बंद पडली. फोनवर जावई म्हणतो, "मामा, टाकीत थेंब नाही." मी म्हटलं, बाटलीतून आणून टाक. एवढंच. अर्ध्या टाकीचं काय झालं, हे मला सुचलं नाही. तेव्हा काहीच सुचत नव्हतं.

मीनाने विचारल्यावर मी कामाला लागलो. आधी खालीच, पार्किंगमध्ये गाडी चालू करून बसलो. काटा मधे. बसून राहिलो. सेक्रेटरी खाली आला, "काका, सगळ्या घरांत धूर जातोय, बंद करा."

"करतो. काटा चढू दे."

"आणि नाही चढला तर?"

"मग जेवून परत येतो."

त्याने हात जोडले. मी बंद केली.

मग पूल. एकट्याने पुलावरून ठाण्याच्या बाजूला जायचं, माणकोलीच्या अलीकडे उभं राहायचं आणि वळून परत. त्या जागेला आता माझी ओळख झाली, कडेचा नारळवाला मान हलवतो. काटा काही चढेना. किंवा चढत असेल आणि उतरतही असेल, मी रस्त्याकडे बघत होतो. ते तेव्हा कळलं. एकट्या माणसाला हा फॉल्ट धरताच येत नाही. एकाने रस्ता बघायचा, एकाने काटा. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो आणि तुझ्यावर खूप राग आला. खरं सांगतो, रडू नाही आलं, राग आला. कामाच्या वेळेला उठून गेलीस असं वाटलं.

शेवटी वागळे इस्टेटला लतीफकडे गेलो. कंपनीच्या टेम्पोंचं वायरिंग तोच करायचा, आता त्याचीही दाढी पिकली. तुझं कळलेलं त्याला. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला, तोंडाने काही बोलला नाही. तेवढ्यासाठी त्याचे उपकार. मी म्हटलं, "लतीफ, हा इथे आला की बरा होतो, दिसणार नाही तुला काही."

"काका, इथे सगळेच बरे होतात. माझ्या हाताला गुण आहे, पैसे मिळत नाहीत." मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि मला विचारलं, "मला फक्त एक सांगा. गरमचा काटा चढतो तेव्हा पेट्रोलचा काटा काय करतो?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

गणपती पावला. पेट्रोल पण वाढलं. तू हे मला किती वेळा सांगितलंस गं? आणि त्या दिवशीची अर्धी टाकी. आणि संदेशचा फोन, टाकीत थेंब नाही. मी लतीफला म्हटलं, "तोही चढतो. दोन्ही एकदम."

"मग इंजिनाचा काय संबंध? इंजिन गरम झालं म्हणून पेट्रोल वाढेल का?" तो म्हणाला. "दोघांना मागून करंट एकाच जागेवरून जातो. तिथलं अर्थिंग सुटलं की करंट जास्त जातो, दोन्ही काटे वर." त्याने मूठ वळून मीटरच्या वर एक ठोसा मारला. दोन्ही काटे उठले. जोडीने, एक सरळ लालला, दुसरा 'फुल'ला. अजून एक ठोसा मारला, दोन्ही खाली. इतकी वर्षं गॅरेजं फिरलो ते एका ठोशात दिसलं.

त्याने मीटर बाहेर काढला. मागे एक स्क्रू, अर्थिंगचा. हिरवा झालेला, गंजाने फुगलेला. लतीफ वाकून बघत होता. "इथे पाणी कुठून आलं? पावसाचं तर इथे पोचत नाही." मग बोटाने खरवडलं आणि बोट उजेडात धरलं. "काका, ये तो हल्दी है."

हळद, आणि खाली लाल. कुंकू. वाळून पापुद्रा झालेलं, थरावर थर.

दसऱ्याला बाहेरची पूजा माझी असायची, चाकाखाली लिंबं, पुढे नारळ. आतली तुझी. नारळ फुटला की तू वाटी धरायचीस, एक थेंब सांडू द्यायची नाहीस, आणि ते पाणी गणपतीच्या डोक्यावर. मग हळद, मग कुंकू, परत पाणी. दर वर्षी मी म्हणायचो, "अगं, खाली वायरी आहेत." तू म्हणायचीस, "पुसते ना." पुसायचीस वरून. बाकीचं फटीतून आत जात होतं. काट्यावर लक्ष ठेवायला बसवलेला देव, आणि त्याच्या अंघोळीचं पाणी काट्यावर.

लतीफने पॉलिश पेपरने स्क्रू घासला, फुंकर मारली, आणि तुझी ती सगळी हळद इस्टेटच्या धुळीत गेली. मी थांब म्हणणार होतो. पण थांबवून काय करणार होतो? मीटर परत बसवताना तो म्हणाला, "आता वर पाणी टाकू नका, काका."

मी म्हटलं, "टाकणारी नाही आता."

संध्याकाळी मीना आली. तिच्यासाठी एखादं गोड खोटं तयार करावं असं रस्ताभर मनात होतं. गाडी तापलेली, दुसरा इलाज नव्हता, असं. जमलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी सगळं सांगितलं, हळदीसकट. गाडी गरम नव्हती. थांबायची गरज नव्हती.

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "लहानपणी वाटी मी धरायचे, बाबा. आई मला म्हणायची, तू ओत." आणि मग, "म्हणजे आपण पोचलो असतो?"

मी म्हटलं, "ते मीटर उघडून कळत नाही."

"पण आईच म्हणाली ना, थांबवा."

"ब्रेकवर पाय माझा होता," मी म्हटलं. "बाजूला बसलेलं माणूस गाडी थांबवत नाही, चालवणारा थांबवतो. हे पुन्हा ह्या घरात बोलायचं नाही." जरा जोरात बोललो. ती रडली, मग उठून भात लावला. आम्ही दोघं जेवलो. मीठ जास्त झालेलं, तिनेही सांगितलं नाही, मीही नाही.

तुझ्यावर येऊ देणार नाही, एवढं नक्की. तू काटा बघायला बसलेलीस, काट्याने जे दाखवलं ते तू सांगितलंस. तुझं काम तू चोख केलंस, श्वास नव्हता तरी केलंस. वादाचं म्हणशील तर काटा खोटा आहे हे मी म्हणत होतो, आणि तेच निघालं. पेट्रोल वाढतं हे तू म्हणत होतीस, तेही निघालं. आपण दोघं बरोबर होतो, आणि दोघांची बेरीज कधी केली नाही. ह्यावर तू काय म्हणाली असतीस, ते मी रोज वेगवेगळं ऐकतो. एकदाही माझ्या बाजूचं ऐकू येत नाही.

सावंतांना सांगितलं, गाडी विकायची नाही. दसऱ्याला कोरडं फूल ठेवीन, तेवढं चालवून घे.

एक राहिलं. लतीफकडून परत येताना पंपावर थांबलो नाही, टाकीत होतं तेवढ्यावरच निघालो. माजिवड्याचा पूल गेला, खारेगाव गेलं. माणकोलीच्या त्या जागेला नारळवाल्याने मान हलवली. बाजूची सीट तुझ्या मापाची दबलेली तशीच आहे. नव्या पुलाचे जोड एकामागून एक चाकाखालून गेले, दरवेळी गाडी दणकली, मी रस्ता सोडून मीटरकडे बघितलं. पेट्रोलचा काटा खाली होता, जेवढं होतं तेवढाच. गरमचा जागचा हलला नाही. पूल उतरून मोठागावात शिरेपर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही. मग मीच म्हटलं.

मधे आहे.